माझ्या नावावर एक कोंबडी

मागच्या आठवड्यातल्या मंगळवारपासून सरकारदरबारी माझ्या नावावर एक कोंबडी आहे. केसपेपर आत्ता समोरच पडलाय, गोल जांभळ्या शिक्क्यासह. पशुमालक: मी. पशूचा प्रकार: कोंबडी. संख्या: 1. तक्रार: पाय. आमच्या घरात कोंबडी नाही आणि कधी नव्हतीही. अंगणातली घाण सासूबाईंना खपत नाही.

आहे तो बेडूक. तोही आम्ही आणलेला नाही. तीन वर्षांपूर्वी मी पुण्याहून इथे सिंधुदुर्गात राहायला आले तेव्हा तो आधीपासूनच बाथरूममध्ये आरशाच्या फळीवर बसलेला होता. हातपाय पोटाखाली दुमडून, डोळे अर्धे मिटून. सगळं बघतो, काही करत नाही, म्हणून मुलांनी त्याचं नाव सरपंच ठेवलं. जात झाडबेडकाची. बोटांच्या टोकांना गोल चकत्या, त्यांच्या जोरावर टाइल्सवर सरळ उभा चढतो. चुन्याच्या भिंतीवर बसला की रंग असा फिका पाडतो की साबण म्हणून हात घातलेले पाहुणे झालेत. आवाज डराव डराव नाही, दारावर टकटक केल्यासारखा. माझा मामेभाऊ आला होता तेव्हा वीस मिनिटं बाथरूमबाहेर ताटकळत उभा राहिला. बाहेरून याने टकटक केलं की आतून उलट टकटक यायचं. बिचाऱ्याला वाटलं, सासूबाई आहेत.

तर या सरपंचाचा मागचा डावा पाय बिजागरीच्या फटीत सापडला. वाऱ्याने दार आपटलं. त्या दाराला स्टॉपर बसवा म्हणून मी गेल्या चतुर्थीपासून सांगतेय. नवऱ्याचं म्हणणं, "बेडूक मध्ये आला." मी या वाक्यावर अजून काहीही बोललेले नाही आणि इथेही बोलणार नाही.

सासूबाई हळदीची वाटी घेऊन धावत आल्या. त्यांना अडवणं हा त्या दिवसातला पहिला अपराध. बेडूक पाणी तोंडाने पीत नाही, पोटाच्या-मांडीच्या कातडीतून ओढून घेतो आणि श्वासही अर्धा कातडीतूनच घेतो, त्यामुळे अंगाला लावलेलं सगळं थेट आत जातं, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "आमची हयात हळदीवर गेली हो." आणि वाटी मुद्दाम जरा जोरात ओट्यावर ठेवली. मग मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला भोकं पाडली, आत ओला टिशू अंथरला, आणि तालुक्याला गुरांच्या दवाखान्यात गेले.

खिडकीत कंपाउंडर होते. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, समोर रजिस्टर. माझ्या मागे शेळी घेऊन आलेले एक काका, त्यांच्यामागे गोऱ्हा, त्याच्यामागे पिशवीतलं मांजर.

"खंयचा जनावर?"

"बेडूक."

त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. झाकण उघडून डब्यात पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा डब्यात, जणू दोघांपैकी नेमका पेशंट कोण ते ठरवायचंय.

"पाळलास काय रानातलो?"

"पाळलेला नाही. घरात राहतो."

"रवता खंय?"

"बाथरूममध्ये."

"कधीपासून?"

"तीन वर्षं तरी."

"खाता थंयच?"

"हो. झुरळं वगैरे."

"मगे पाळलासच तो."

"अहो, असं म्हटलं तर पालसुद्धा पाळलीय आम्ही."

"पाल पन हाडलास?" म्हणत त्यांनी वाकून माझ्या पिशवीत डोकावलं.

शेळीवाले काका हसले. इथपर्यंत मीही हसले असते. पण मग रजिस्टर उघडलं गेलं. गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी, डुक्कर, कुत्रा, मांजर, कोंबडी, इतर. मी भाबडेपणाने 'इतर'वर बोट ठेवलं. त्यांनी ते बोट पेनाने बाजूला केलं.

"इतर लिवला काय वरसून इचारतत, इतर म्हंजे काय. मगे मी काय सांगू? बेडूक?"

"बेडूकच आहे ना तो!"

"ता तुमका ठावक, माका ठावक. वर ठावक नाय."

मग त्यांनी खरोखर विचार सुरू केला, आणि हेच मला सहन झालं नाही. टिंगल केली असती तर मी भांडले असते. हा माणूस मनापासून माझी सोय बघत होता. "चार पाय म्हटल्यार शेळी येता," ते स्वतःशीच म्हणाले. "पन शेळी लिवलंय तर टॅग नंबर मागता. बारा आकडी. हेच्या कानाक टॅग खंय मारतलास?"

गुरांच्या कानात तो पिवळा बिल्ला असतो ना, 12 आकड्यांचा, तो. मी, काय अवदसा आठवली, त्यांना सांगू लागले की बेडकाला कानाची पाळीच नसते, डोळ्यामागे नुसता उघडा पडदा असतो. त्यांनी समाधानाने मान डोलावली.

"म्हणानच कोंबडी. कोंबडेक टॅग लागत नाय."

आणि लिहिलं. सुंदर अक्षर होतं, ते कबूल करते. पुढचा प्रश्न, नर की मादी. टकटक नरच करतो, म्हणून मी म्हटलं, नर. त्यांनी पेन थांबवलं. "मगे कोंबडी कशी? कोंबो." खाडाखोड नको म्हणून शेवटी तो रकाना कोराच सोडला. पशूचं नाव विचारलं तेव्हा मी अनवधानाने 'सरपंच' म्हणाले. दवाखान्याचा पुरा व्हरांडा माझ्याकडे वळला. गोऱ्हेवाल्याने तर चौकशीही केली, "खंयच्या गावचो?"

शेळीवाले काका आता मोकळे झाले होते. "ताई, गोंयात न्या. हद्द अर्ध्या तासार. थंय हेका जंपिंग चिकन म्हणतत." म्हणजे कंपाउंडरांचं वर्गीकरण अगदीच निराधार नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. गोव्यात पहिल्या पावसात बॅटरी घेऊन बेडकांमागे जाणारे लोक आहेत, कायद्याने बंदी असली तरी, आणि वनखात्याचे लोक त्यांच्यामागे. शेतकऱ्याला हा पदार्थ महाग पडतो. पूर्वी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या जहाजं भरभरून परदेशी जायच्या आणि इकडे शेतात किडे मोकाट वाढायचे. 1987 साली ती निर्यात बंद झाली. हे मी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "पन लागता बरो."

डॉक्टर आले, बिचारे सज्जन निघाले. त्यांनी शेवटचा बेडूक पाहिला तो बारावीच्या ट्रेमध्ये, टाचण्यांनी ठोकलेला, पोट उघडून. आता मिटलेल्या पोटाचा बघून ते थोडे गोंधळले. आतलं सगळं माहीत आहे म्हणाले, बाहेरचं जरा बघावं लागेल. पाय हलवून पाहिला. सरपंचाने त्यांच्या तळहातावर लघवी केली. डॉक्टर म्हणाले, "वा, जोर आहे." औषध काही नको, अंधारात, ओलाव्यात, शांत ठेवा, हाताळू नका. एवढ्यासाठी दीड तास आणि एक कोंबडी.

घरी पाण्याची पंचाईत. ग्रामपंचायतीने आदल्याच दिवशी विहिरीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर टाकलेली, क्लोरीनचा वास यायचा. ते पाणी याच्या कातडीला विष. मग पागोळ्यांखाली पातेलं लावलं. शेजारच्या वहिनींनी कुंपणावरून विचारलं, "नळ गेला का?" मी म्हटलं, "हो." कुठे सगळं सांगत बसायचं!

खाण्याचं काम नवऱ्याकडे दिलं. ही शिक्षा होती, हे त्यालाही कळलं असावं. बेडकाला हलतं तेवढंच दिसतं. मेलेलं झुरळ त्याच्या नाकासमोर ठेवा, तो उपाशी मरेल. म्हणून रात्री अकरा वाजता मोरीत बॅटरी धरून जिवंत झुरळ पकडायचं, चिमट्यात धरून डब्यात नाचवायचं. तीन रात्री सरपंच ढिम्म. चौथ्या रात्री जीभ बाहेर आली आणि गेली, एवढंच दिसलं. घास गिळताना त्याचे डोळे डोक्यात खोल बुडाले आणि पुन्हा वर आले. बेडूक डोळ्यांनीच घास आत ढकलतो. चिमटा हातात धरून उकिडवा बसलेला नवरा म्हणाला, "अगं, हा तर डोळे मिटून जेवतो, बाबांसारखा." सासूबाई दारातून बघत होत्या. त्यांनी नंतर हळूच विचारलं, उद्यासाठी आणखी एक झुरळ धरून ठेवायचं का. हळदीबद्दल मात्र अजून बोलत नाहीत.

नवव्या रात्री पाऊस असा कोसळला की पागोळ्यांचं पातेलं वाहून अंगणाच्या टोकाला गेलं. सकाळी डब्याचं झाकण तिरकं होतं आणि आत नुसता टिशू. फळीवर नाही, मोरीत नाही. संध्याकाळी मागच्या पन्हळीतून टकटक आलं. तोच की दुसरा, देव जाणे. स्टॉपर अजून बसलेला नाही.

काल दुपारी फोन आला. केसपेपरवर माझा नंबर आहे ना.

"मॅडम, रानीखेतीची लस इली हा. तुमची कोंबडी घेवन येतास?"

मी म्हटलं, "ती गेली."

पलीकडे जरा वेळ शांतता.

"खाल्लास?"