पाव दशांशाचा अन्याय

अमेरिकेतल्या उन्हाळ्यात मत द्यायला विषयांची टंचाई नसते. बेसबॉल आहे, निवडणुका आहेत, शेजाऱ्याने न कापलेलं गवत आहे. पण यातलं काहीच तुमच्या योग्यतेचं वाटत नसेल, आणि शाळेच्या बँडमध्ये मेलोफोन वाजवणारी तुमची लेक नेमकी एखाद्या ड्रम कोअरमध्ये निवडली गेली असेल, तर तुमचं भलं झालं. आता तुम्ही ड्रम कोअरवर मत द्यायचं. वाजवणाऱ्यांना तिथे बाविशीच्या उंबरठ्यावर सक्तीने निवृत्त करतात. मत देणाऱ्यांना वयाची अट नाही, आणि ऑडिशनही नाही.

माहिती घ्या, पण बेतानेच. फार माहिती झाली की मत पातळ होतं. ढोलताशा पथक डोळ्यांसमोर आणलंत तर फसाल. इथे मिरवणूक नाही, रंगात यायला चौक नाही, आणि टाच किती अंशांत उचलली जाते याकडे बघायला माणूस नेमलेला असतो. दीडशेच्या आसपास मुलंमुली, पितळी वाद्यं, ड्रम, आणि झेंडे, लाकडी रायफली व तलवारी हवेत फेकून झेलणारा कलर गार्ड. फुटबॉलच्या मैदानावर अकरा-बारा मिनिटांचा कार्यक्रम. त्यासाठी मे महिन्यापासून उन्हात दिवस-दिवस सराव, मग ऑगस्टपर्यंत बसने देशभर भटकंती, शाळांच्या जिमच्या फरशीवर झोप आणि ट्रकमध्ये थाटलेल्या स्वयंपाकघरातलं जेवण. या सुखाचे हजारो डॉलर मुलांनी भरायचे असतात, म्हणजे तुम्ही. शेवटी ऑगस्टमधल्या एका शनिवारी इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये बारा कोअरची अंतिम फेरी होते. 2009 पासून ती तिथेच आहे. त्याआधी ती गावोगावच्या ज्या उघड्या स्टेडियममध्ये व्हायची तिथला आवाज चांगला होता, असं म्हणायला आजच सुरुवात करा. तुम्ही तेव्हा नाशिकला होतात हे कुणी विचारत नाही.

खरं काम गुणांपाशी सुरू होतं. गुण शंभरपैकी. चाळीस ‘जनरल इफेक्ट’चे, तीस दृश्याचे, तीस संगीताचे. इफेक्टचे दोन परीक्षक प्रत्येकी वीस गुण देतात आणि ते पुरेपूर मोजले जातात. दृश्याला तीन परीक्षक, संगीताला तीन. त्यांच्याकडेही वीस-वीस गुण असतात, पण त्यांची बेरीज करून निम्मी टाकून देतात. म्हणजे ओठ सुजेपर्यंत घोटून पक्का केलेला पितळी वाद्यांचा सूर शंभरातल्या दहा गुणांत बसतो, आणि अंगावर काटा आला का, याला चाळीस. हे वाचून तुम्हाला काहीच खटकलं नसेल तर तुम्ही आधीच मुरलेले आहात.

तुमची सगळी मतं या चाळिसातच ठेवा. सूर चुकला म्हणालात तर कुणी रेकॉर्डिंग लावून दाखवेल. रांग वाकडी होती म्हणालात तर कुणी फोटो काढेल. पण ‘इफेक्ट पोचला नाही’ हे वाक्य सिद्धही करता येत नाही आणि खोडताही येत नाही. म्हणताना डोळे किंचित मिटावेत.

जुन्या पद्धतीबद्दल हळहळायला विसरू नका. 1983च्या हंगामापर्यंत ‘टिक’ची पद्धत होती. परीक्षक हातात पाटी घेऊन मुलांच्या रांगांत शिरायचे, चूक दिसली की एक खूण, एका खुणेला एक दशांश वजा. 1984 पासून चुका वजा करण्याऐवजी कर्तबगारीचे गुण जोडू लागले. तुम्ही म्हणायचं, “तेव्हा न्याय होता, आता नुसत्या आवडीनिवडी.” त्या न्यायात अवघड काही करायला गेलेल्या कोअरला जास्त खुणा बसायच्या आणि सोपं वाजवणारा सुखरूप घरी जायचा, हा तपशील झाकून ठेवा. एखाद्याने काढलाच, तर त्याला कुठल्या वर्षापासून बघतोस ते विचारा. हा प्रश्न कुठल्याही वादात चालतो, आणि त्याचं उत्तर नेहमी अपुरंच असतं.

मग दशांशांकडे वळा. 2008च्या अंतिम फेरीत इलिनॉयच्या फँटम रेजिमेंटला 98.125 गुण मिळाले आणि कॅलिफोर्नियाच्या ब्लू डेव्हिल्सना 98.100. फरक पाव दशांशाचा. रेजिमेंटचा विषय स्पार्टाकसचं बंड होता. मैदानावर भाल्याने माणूस मारून दाखवला, आणि प्रेक्षक उठून ओरडत होते. सामान्य माणूस म्हणेल, दोघंही सारखेच सुंदर होते, नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. तुम्ही सामान्य नाही. पाव दशांश ही तुमच्या दृष्टीने दरी आहे, आणि ती कुणाच्या बाजूने पडली यावरून ती गुणवत्ता की कारस्थान ते ठरतं. आजच्या पद्धतीत संगीताच्या एकट्या परीक्षकाने अर्धा दशांश कमी-जास्त केला की निकालात नेमका पाव दशांश हलतो. इतक्या बारीक काट्यावर माणसाचं मन तोलता येतं का, असा प्रश्न मनात आला तर पाणी प्या. जाईल.

ब्लू डेव्हिल्सनी 2014 साली 99.65 गुण मिळवले. आजवरचा उच्चांक. तुम्ही शांतपणे विचारायचं, “ते उरलेले पस्तीस शतांश कुठे गेले?” आणि उत्तराची वाट न बघता उठून जायचं.

यावरून आठवलं, 2021 साली महामारीमुळे स्पर्धा झालीच नाही. कोअर इंडियानापोलिसला आले, वाजवलं, लोकांनी ऐकलं, सगळे घरी गेले. गुण नाहीत, क्रमांक नाहीत. तज्ज्ञांसाठी तो काळ किती कठीण गेला याची दखल कुणी घेतली नाही. ऐकून झाल्यावर नुसतं ‘छान वाटलं’ म्हणायची वेळ माणसावर यावी? पुन्हा असा प्रसंग आला तर घरून स्वतःचे गुण लिहून न्या.

‘स्लॉटिंग’ हा शब्दही खिशात असू द्या. परीक्षक गेल्या वर्षीच्या क्रमांकावर नजर ठेवून प्रत्येकाला आपापल्या खणात बसवतात, असा तो आरोप. तुमच्या लेकीचा कोअर नववा आला तर स्लॉटिंग. तिसरा आला तर पद्धत हळूहळू सुधारते आहे.

आता रचना. इथे तुमच्या मताला खरं अंगण आहे. तारखा तेवढ्या पाठ करा: 2000 साली कुठल्याही पट्टीतली पितळी वाद्यं चालू झाली, त्याआधी ‘जी’ (G) या एकाच पट्टीतल्या ब्युगलांचं राज्य होतं. 2004 साली माइक आणि स्पीकर आले. 2009 साली सिंथेसायझर. 2014 साली ट्रॉम्बोन. यातलं तुम्ही पहिल्यांदा बघितलंत त्या वर्षापर्यंतचं सगळं म्हणजे परंपरा, आणि त्यानंतरचं सगळं म्हणजे ऱ्हास. 2003 साली बघायला लागलेल्याला माइक सहन होत नाही. 2010 साली आलेला माइकबद्दल चकार शब्द काढत नाही, पण ट्रॉम्बोन दिसला की त्याचा रक्तदाब वाढतो. दोघांनाही ‘शुद्धतावादी’ म्हणतात, आणि दोघं एकमेकांना भ्रष्ट समजतात. ब्युगलला मुळात झडपाच नव्हत्या, त्या मागाहून बसवल्या आणि तेव्हाही कुणीतरी रडलं असणार, असं मला राहून राहून वाटतं. पण ते सोडा.

संकल्पना कळली नाही तर घाबरू नका. 2012 साली ब्लू डेव्हिल्सनी ‘दादा’ चळवळीवर कार्यक्रम केला. पहिल्या महायुद्धाच्या काळात झुरिकच्या एका कॅबरेत जमलेल्या मंडळींनी कलेच्या सगळ्या मोजपट्ट्या मोडून फेकल्या, ती ही चळवळ. अर्थाला नकार, क्रमाला नकार, अभिरुचीच्या ठेकेदारांना नकार. परीक्षकांनी तो नकार रकान्यांत बारकाईने मोजला, त्याला सगळ्यांपेक्षा जास्त गुण दिले आणि पहिला क्रमांक दिला. या विनोदावर कुणी हसलं नाही. तुम्हीही हसू नका. आपल्या कोअरचं कळलं नाही तर म्हणा ‘स्तर फार आहेत’. दुसऱ्याचं कळलं नाही तर म्हणा ‘स्वतःसाठीच वाजवतात’. आणि दुसऱ्याचं चटकन कळलं तर म्हणा ‘उथळ’. चौथा प्रकार उद्भवत नाही.

टोप्यांचंही एक आहे. पूर्वी उंच लष्करी टोपी आणि तिच्यावर तुरा असायचा. ओहायोच्या ब्लूकोट्सनी 2016 साली टोप्या-बिप्या सोडून, मैदानावर भलेमोठे उतार मांडून पहिलं जेतेपद मिळवलं, आणि मग बऱ्याच जणांचे तुरे गेले. मागच्या शतकात लष्करी गणवेशाला कंटाळलेली माणसं आता त्याच गणवेशाच्या आठवणीने गहिवरतात. तुम्हीही गहिवरा. त्याला खर्च येत नाही.

नेतृत्वावर मात्र मत देताना जरा जपून. म्हणजे, द्या, पण योग्य ठिकाणी द्या. इतिहास असा: 1971 साली काही कोअरच्या संचालकांना वाटलं की स्पर्धा भरवणाऱ्या माजी सैनिकांच्या संघटना नियमही आपलेच लावतात आणि पैसाही आपणच ठरवतात. त्यांनी आपली स्वतंत्र संस्था काढली, ड्रम कॉर्प्स इंटरनॅशनल, आणि 1972 साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला पहिली स्पर्धा भरवली. बंड यशस्वी झालं. 2010 साली सात मोठ्या कोअरना वाटलं की गर्दी आमच्यामुळे होते, तेव्हा सूत्रंही जास्त आमच्याच हातात हवीत. त्यांच्यातले जे संचालक मंडळात होते त्यांना बाकीच्यांनी खाली उतरवलं. पहिल्याला क्रांती म्हणायचं आणि दुसऱ्याला हाव, एवढं लक्षात ठेवलं की इतिहास झाला.

पैशाचा विषय निघालाच तर हात वर करा. कलेत पैसा आणू नये. कॅलिफोर्नियातल्या बड्या कोअरची मोठी कमाई बिंगोच्या हॉलमधून यायची. आकडे पुकारणाऱ्या माणसाच्या जिवावर मैदानावरचा दादा उभा राहतो. 1989 आणि 2018 साली अजिंक्य ठरलेला सँटा क्लारा व्हॅनगार्ड पैशाच्या तंगीमुळे 2023 साली मैदानात उतरलाच नाही. पाचच वर्षांपूर्वीचे विजेते. त्या उन्हाळ्यात तुम्ही कशावर बोलायचं? वरचा क्रमांक रिकामा झाल्यामुळे कोण एक पायरी चढणार, यावर.

आणि कॅडेट्स. 1934 साली न्यूजर्सीत चर्चच्या मुलांचा म्हणून सुरू झालेला कोअर, पुढे दहा वेळा अजिंक्य. 2006-07च्या सुमारास त्यांनी कार्यक्रमात माइकवरून भरपूर बोलणं आणलं आणि तज्ज्ञमंडळ पेटून उठलं. संगीत ऐकायला आलोय की भाषण? वर्षानुवर्षं यावर वाद झाले, संचालकावर कडक टीका झाली: माणूस अहंकारी आहे, प्रेक्षकांचा विचार करत नाही, निवेदन फार करतो. नेतृत्वाची अशी कठोर चिकित्सा क्वचितच कुठे झाली असेल. 2018 साली नऊ स्त्रियांनी त्याच संचालकावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप जाहीरपणे केले आणि त्याने राजीनामा दिला. आरोप अनेक दशकांवर पसरलेले होते. तज्ज्ञांनी ती सगळी वर्षं माइकचा आवाज मोजला होता. मग 2024च्या एप्रिलमध्ये, ऐंशीच्या दशकातल्या अत्याचाराच्या आरोपावरून चाललेल्या दाव्याचं ओझं न पेलून, कोअरच बंद झाला. नव्वद वर्षांचा. त्या दिवशी तुम्ही एक जुनी चित्रफीत लावायची, 1983 ते 85च्या सलग तीन जेतेपदांपैकी कुठलीही, आणि म्हणायचं, “मैदानावरच्या हालचालींचं असं ड्रिल आता कुणी लिहीत नाही.”

हे जमलं की तुम्ही तयार झालात. आता एकच धोका उरतो, तो म्हणजे हंगामाआधीची पालकसभा. तिथे फार कंटाळवाणे विषय निघतात. जिममध्ये मुलं झोपतात तेव्हा मोठं माणूस कोण जागं असतं. चाळीस अंशांच्या उन्हात सराव कुणाच्या शब्दावर थांबतो. रात्रभर बस चालवणाऱ्याची झोप कधी होते. तक्रार करायची तर संचालकाला वगळून कुणाकडे. तुमच्याच लेकीबद्दल आहे सगळं, हे मान्य, पण त्यात इफेक्ट काय? मागच्या बाकावर बसा आणि फोनवर गेल्या वर्षीच्या उपांत्य फेरीचा तक्ता उघडा.

एखादी चष्मेवाली आई तुम्हाला गाठून सांगेल की कोअर ही ना-नफा संस्था असते, तिने दरवर्षी कर खात्याला भरायचा 990 क्रमांकाचा फॉर्म कुणालाही वाचता येतो. कर्ज किती, संचालकाचा पगार किती, सगळं त्यात असतं. तिचे आभार माना. फॉर्म मात्र उघडू नका. आकडे आहेत त्यात, पण पहिला कोण आला ते शेवटपर्यंत कळत नाही. शिवाय कलर गार्डचा रकानाच नाही.