कोणीतरी रूमवर थांबायला हवं ना

परवा सिंगापूरचे फोटो टाकले तर त्याखाली सात-आठ जणींनी तरी लिहिलं की बरं केलंस सासू-सासऱ्यांना आणि आईला घेऊन गेलीस, चिऊला बघायला माणसं झाली. सगळ्यांना हार्ट दिलं मी, पण खरं सांगू का, टोचलं. कारण तिकिटं काढताना मीही मनात अगदी हाच हिशोब केला होता, फक्त तोंडाने बोलले नव्हते.

आम्ही नऊ जण. मी, नवरा, सव्वादोन वर्षांची चिऊ (दोन पूर्ण झाली की स्वतःचं सीट आणि स्वतःचं तिकीट, चारच महिने आधी गेलो असतो तर मांडीवर बसून स्वस्तात आली असती, हे बाबा एअरपोर्टवर तीनदा म्हणाले), अहोआई, बाबा, माझी आई, ताई म्हणजे नणंद, भावजी आणि त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा. नऊ जणांचे व्हिसा, मग नऊ जणांची ऑनलाइन अरायव्हल कार्डं, ती पण पोचायच्या आधीच्या तीनच दिवसांत भरायची, सगळी मी भरली. ते जाऊ दे.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. रात्रीची फ्लाइट, चिऊ टक्क जागी, सकाळी उतरलो तर रूम दुपारी तीनला मिळणार. लॉबीत बॅगांवर बसून राहिलो. रूम मिळाली आणि साडेसहाला पोरगी जी आडवी झाली ती ढोल वाजवला तरी उठणार नाही अशी. आणि संध्याकाळी गार्डन्स बाय द बे ठरलेलं, ती २५ ते ५० मीटर उंच लोखंडी झाडं आणि त्यांच्यावरचा लाइटचा शो. अहोआई म्हणाल्या, "तुम्ही जा सगळे. कोणीतरी रूमवर थांबायला हवं ना. मला काय, व्हिडिओ काढून आणा." आणि आम्ही गेलो. एकानेही दुसऱ्यांदा विचारलं नाही. मीसुद्धा नाही, उलट मला हायसं वाटलं, हे पण लिहूनच टाकते.

परत आलो तर चिऊचे दोन फ्रॉक बेसिनमधे धुऊन हँगरवर लावलेले, दुधाची बाटली उकळत्या पाण्यातून काढून टिश्यूवर पालथी, आणि अहोआई अंधारात खुर्चीवर बसलेल्या, लाइट लावला तर पोर उठेल म्हणून. व्हिडिओ दाखवला. चष्मा पर्समधे होता तो न काढताच बघितला आणि म्हणाल्या, छान आहे हो. झाडं दिसलीच नसणार त्यांना.

मुलांबरोबर परदेशात जायचं म्हटलं की सगळे सल्ले मुलांबद्दल मिळतात. खाऊ काय न्या, औषधं कुठली, प्रॅम कसली. आमची चिऊ हा प्रॉब्लेम नव्हताच. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, त्यामुळे ती आपल्या सातला म्हणजे तिथल्या साडेनऊला उठायची, सकाळ गेलीच म्हणून समजा, पण रात्री अकरापर्यंत टुकटुकीत. हे एकदा कळल्यावर प्लॅन तिच्या घड्याळावर बसवला की संपलं. एमआरटी म्हणजे तिथली मेट्रो, तिच्या सगळ्या स्टेशनांत लिफ्ट, प्रॅम न मिटता आत जाते, ९० सेंटिमीटरच्या खालचं पोर फुकट. टॅक्सीचं मात्र वाचून जा, चारच माणसं बसतात म्हणजे आम्हाला तीन लागणार, आणि ॲपवर खासगी गाडी बोलावली तर लहान मुलाला चाइल्ड सीट कंपल्सरी, रस्त्यावरच्या टॅक्सीला ती सक्ती नाही. ट्रेनमधे खायला बंदी, ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, आणि माझ्या आईने नेमका तिथेच पदराआडून राजगिऱ्याचा लाडू काढला. मी असा झडप घालून हिसकावला की समोरची बाई दचकली. जेवणाचं म्हणाल तर लिटल इंडियात राहिलो होतो, १९४७ पासूनचं कोमला विलास हाकेच्या अंतरावर, दहीभात मिळाला की आमची पोरगी खूश.

प्रॉब्लेम मोठ्यांचा. "एवढ्या लांब आलोय तर सगळे मिळूनच बघू" हे जे आपल्याकडे आहे ना, ते. झूमधे नऊ जण. भाच्याला पुढे पळायचंय, चिऊला एकाच ठिकाणी उभं राहून डोक्यावरच्या दोरांवर लोंबकळणारे ओरांगउटान बघायचेत, माझ्या आईचे गुडघे, भावजींना प्रत्येक शो गाठायचाय कारण तिकिटाचे पैसे वसूल. त्यात पाऊस आला. एका छपराखाली चाळीस मिनिटं उभं राहून कोणामुळे उशीर झाला यावर घरगुती भांडण, एकदम हळू आवाजात आणि हसऱ्या तोंडाने, जसं बाहेर करतात तसं.

त्या रात्री मी बोलले. उद्यापासून सगळे सगळीकडे जाणार नाहीत. बाबांना आवडलं नाही, घर मोडायला निघाल्यासारखं बघितलं माझ्याकडे. पण दुसऱ्या दिवशी ताईचं कुटुंब युनिव्हर्सल स्टुडिओज या थीम पार्कला गेलं, आमच्या चिऊला उंचीमुळे अर्ध्या राइड्सवर घेणारच नव्हते. आई अंग टाकून पडली, तिला तेच हवं होतं. आणि बाबांना विचारलं तुम्हाला काय बघायचंय, तर माणूस लाजला आणि म्हणाला, ती बिनड्रायव्हरची गाडी. एसटीत आयुष्यभर मेकॅनिक होते ते. लिटल इंडियातून जाणारी जांभळी नॉर्थ ईस्ट लाइन २००३ पासून विनाड्रायव्हर चालते, पुढच्या काचेशी उभं राहिलं की बोगदा अंगावर येतो. चिऊला कडेवर घेऊन बाबा हार्बरफ्रंटपासून पुंगोलपर्यंत गेले, परत आले, परत गेले. दार लागताना दोघं मिळून "टिंग टिंग टिंग" ओरडायचे. हे सांभाळणं नव्हतं हो, ते दोघं फिरायला गेले होते. फरक एवढाच की त्यांना विचारलं होतं, आणि अहोआईंना पहिल्या दिवशी आम्ही गृहीत धरलं.

शेवटच्या संध्याकाळी चिऊला नवऱ्याकडे दिलं आणि मी नि अहोआई दोघीच गार्डन्स बाय द बेला निघालो. बेफ्रंट स्टेशन, एकच ट्रेन, बदलायची पण नाही. पावणेआठचा शो, फुकट. तिथे लोक सरळ जमिनीवर आडवे होऊन बघतात. अहोआई आधी इकडे तिकडे बघत राहिल्या, मग साडी सावरून, पर्स उशाला घेऊन आडव्या झाल्या. चष्मा लावून. पंधरा मिनिटं एक शब्द नाही. संपल्यावर उठेनात. म्हणाल्या, "अगं, पावणेनऊला परत असतो ना? मग थांबू की."

तेवढ्यात त्यांच्या पर्समधे फोन वाजला, त्यांच्या मुलाचा. बघितला, बंद केला, परत पर्समधे टाकला. "करेल तो. खिचडी डब्यात आहे, सांगितलंय मी त्याला."