विम्याचा वारा मंडळ बघून वाहतो

आमच्या रावेर पट्ट्यातली केळी मे महिन्यात कशी आडवी होते, ते येऊन बघा एकदा. कापणीला आलेले घड, खोडं मधोमध मोडलेली. आणि विम्याचं उत्तर दरवर्षी ठरलेलं: "तुमच्या मंडळात वाऱ्याचा वेग बसत नाही."

बसत नाही म्हणजे? हवामान आधारित फळपीक विम्यात 'क्षेत्र' म्हणजे माझं शेत नव्हे, महसूल मंडळ, म्हणजे आजूबाजूच्या बऱ्याच गावांचा गट. वारा असो, मेची आग असो की जानेवारीची थंडी, सगळं मोजायचं मंडळाच्या हवामान केंद्रावर; तिथं ठरलेला आकडा गाठला, तरच 'बसतं'. ते यंत्र माझ्या बांधापासून कैक कोस लांब. तिथं पान हललं नाही, तर माझ्याकडं वादळ आलंच नाही!

बांधापलीकडचा शेजारी दुसऱ्या मंडळात. त्याच रात्री, त्याच वाऱ्यानं दोघांची बाग झोपली. त्याला पैसे, मला एसएमएससुद्धा नाही. (त्यानं पेढे दिले. खाल्ले. काय करणार भो?)

हप्ता घेताना मात्र गट नंबर, सातबारा, बागेचा फोटो, सगळं माझ्याच शेताचं लागतं. तेव्हा नाही चालत मंडळाचं यंत्र!