जाणवतंय ४१

मे महिन्यात अमळनेरात ऊन किती आहे हे कोणी कोणाला विचारत नाही. विचारलंच तर उत्तर येतं, "दिसत नाही का?" ऊन दिसतं की लागतं हा मुद्दा त्या वेळी सुचत नाही, कारण विचारणारा आणि सांगणारा दोघेही डोक्याला उपरणं गुंडाळून सावली गाठण्याच्या गडबडीत असतात. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या बहिणीला न्यायला आमचे मेहुणे पुण्याहून आले आणि भर दुपारी ओसरीवर बसून त्यांनी फोन उघडला.

"तापमान ४४ दाखवतंय," ते म्हणाले, "पण जाणवतंय ४१."

ओसरीवर कूलरची घरघर तेवढी उरली. मला काय जाणवतंय ते मला न विचारता फोनने परस्पर ठरवलं होतं, आणि वर तीन अंशांची सूटही दिली होती.

भाऊजी इंजिनिअर, त्यामुळे ते आकड्याच्या बाजूने. आणि त्यांचं चूक नव्हतं, हीच खरी पंचाईत. आपल्याकडचं ऊन कोरडं. घाम आला की लगेच उडतो आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. मुंबईत पारा बराच खाली असूनही जीव नकोसा होतो, कारण तिथे घाम उडायला तयारच नसतो. या जाणवण्याचा हिशोब १९७९ साली रॉबर्ट स्टेडमन यांनी मांडला. फोनवाले आता आपापली सूत्रं वापरतात, पण स्टेडमन यांनी त्यासाठी एक नमुन्याचा माणूसच कल्पिला होता: उंची पाच फूट सात इंच, वजन ६७ किलो, अंगात फुलपँट आणि हाफ शर्ट, सावलीतून ताशी पाच किलोमीटर वेगाने चालणारा. मी भाऊजींकडे नीट पाहिलं. उंची जमत होती. वजनाबद्दल बोलता येत नाही, घरचे जावई आहेत. पण मे महिन्यातल्या दुपारी अमळनेरात ताशी पाच किलोमीटरने चालणारा इसम माझ्या पाहण्यात नाही. इथे लोक एक तर पळतात, नाहीतर झोपतात. तेव्हा ४१ जाणवत असेल तर ते त्या माणसाला. तो कुठे राहतो, देव जाणे.

आई सुपात डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जावईबुवा, तुमना फोनले घाम येस का?"

फोन बाजूला ठेवून कातडीवर भरवसा ठेवावा, तर तीही कमी लबाड नाही. ओसरीवर लाकडी खाट आणि स्टीलचा पेला सकाळपासून एकाच हवेत पडलेले, दोघांचं तापमान सारखंच. तरी पेला चटका देतो आणि खाट बिचारी सोज्वळ वाटते. स्टील आपली उष्णता झटकन हातात सोडतं, लाकूड हात आखडून देतं, आणि कातडीला शेवटी कळतं ते स्वतःचंच तापमान. वस्तूबद्दल ती जे काही सांगते तो अंदाज असतो, फक्त सांगते शपथेवर.

भाऊजींना हे पटेना, म्हणून प्रयोग केला. उन्हाळ्यात आमच्या टाकीचं पाणी चहाच्या अर्ध्या वाटेवर आलेलं असतं, त्यामुळे अंघोळीची बादली आदल्या रात्रीच भरून ठेवावी लागते. माठातलं पाणी पातेल्यात काढलं (थेट माठात हात घातला असता तर आईने तो हात परत दिला नसता). भाऊजींचा एक हात पातेल्यात, दुसरा टाकीच्या पाण्यात आणि जरा वेळाने दोन्ही एकदम बादलीत. एक हात म्हणे पाणी गरम, दुसरा म्हणे गार. बादली एक, जावई एक. जॉन लॉक नावाच्या इंग्रज तत्त्ववेत्त्याने सतराव्या शतकात हेच लिहून ठेवलंय. त्या बिचाऱ्याला पाणी तापवावं लागलं असणार.

"तुम्हाला हे सगळं सुचतं कुठून?" भाऊजींनी हात पुसत विचारलं.

गावाचा गुण, दुसरं काय! प्रतापशेठांनी १९१६ साली अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर काढलं, तिथे वेदान्ताचा अभ्यास चाले. जग मिथ्या आहे हे पटायला इतकं पोषक हवामान शोधून सापडलं नसतं. वेदान्तात सत्तेच्या तीन पायऱ्या: दोरीवर दिसलेला साप प्रातिभासिक, खुद्द दोरी व्यावहारिक, आणि जिथे दोरीही उरत नाही ती पारमार्थिक. आमच्या ओसरीवर त्यांचं वाटप सोपं होतं. ४१ प्रातिभासिक, ४४ व्यावहारिक, आणि पारमार्थिक काय ते आई सांगेल.

रात्री शेवभाजी होती. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर लाल तर्री, जाड शेव आयत्या वेळी टाकलेली. पहिल्याच घासाला भाऊजींचे कान लाल झाले आणि नाक वाहू लागलं. याचंही कारण आता माहीत झालंय. साधारण ४३ अंशांच्या वर गेलं की 'भाजलं' अशी वर्दी देणारा एक ग्राहक (रिसेप्टर) आपल्या जिभेतही असतो, टीआरपीव्ही१ नावाचा. मिरचीतलं कॅप्सेसिन त्याला चिकटलं की तो निवलेल्या घासालाही तीच वर्दी देतो आणि मेंदू शहानिशा न करता घाम सोडतो. १९९७ साली हे उलगडणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. पक्ष्यांच्या या ग्राहकाला मात्र कॅप्सेसिनचा पत्ताच लागत नाही. पोपट मिरची खाऊन निवांत असतो तो त्यामुळे. मला प्रश्न पडला तो वेगळाच. मर्यादा ४३ ची, तर आमच्याकडे दुपारी नुसती हवा खाल्ली तरी तिखट लागायला हवी.

"काहीच तिखट नही शे," आई म्हणाली.

"यांना डॉक्टरांनी तिखट बंद सांगितलंय," बहीण म्हणाली.

भाऊजींनी तांब्याभर पाणी घटाघटा प्यायलं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, दही घ्या, असं सांगायला मी तोंड उघडलं, तोवर त्यांनी रुमालाने डोळे पुसून वाटी पुढे केली होती.

"थोडा रस्सा," ते म्हणाले. "वरचा वरचा."