सायकल स्टार्ट दाबणारा आणि प्रोग्रॅम करणारा

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये जा. सीएनसी लेथजवळ, म्हणजे प्रोग्रॅमवर चालून धातू कातणाऱ्या मशीनजवळ, दोन माणसं दिसतील. ऑपरेटर चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, जॉब (कातायचा तुकडा) लावतो, दार ओढतो, सायकल स्टार्टचं बटण दाबतो, पीस निघाला की मायक्रोमीटर लावून बघतो. सेटर ड्रॉइंग वाचून प्रोग्रॅम करतो, टूल बदललं की ऑफसेट देतो, म्हणजे नव्या टूलच्या मापातला फरक मशीनला सांगतो. मशीन तेच, शिफ्ट तीच. पगार मात्र सेटरचा दीडपट, कधी दुप्पट. त्यात ऑपरेटर बहुतेक वेळा कंत्राटी.

साध्या लेथवर ही दोन्ही कामं एकट्या टर्नरची होती. फीड किती (टूल किती वेगाने सरकवायचं), कट किती (किती खोल कातायचं), सगळं त्याच्या हातात बसलेलं असायचं. ते कसब प्रोग्रॅममध्ये गेलं आणि पैसाही तिकडेच गेला.

यान टिनबर्गेन या डच अर्थतज्ज्ञाने सत्तरच्या दशकातच सांगितलं होतं की तंत्रज्ञान आणि शिक्षण यांची शर्यत लागलेली असते. शिक्षण मागे पडलं की पगारातली दरी वाढते. अमेरिकेत १९१० ते १९४० या काळात गावोगावी हायस्कुलं निघाली आणि ही दरी कमी झाली. १९८० नंतर ती पुन्हा रुंदावत गेली.

आपल्याकडे १९८३ साली वसंतदादा पाटील सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. शेतकऱ्यांची पोरं इंजिनिअर झाली, हे मोठंच काम झालं. पण घराघरांत एक समजही पक्का झाला: हुशार पोरगा डिग्रीला, बाकीचे आयटीआयला. त्यामुळे आज कर्ज काढून बीई झालेली पोरं त्याच शेडमध्ये ट्रेनी म्हणून येतात, आणि आयटीआयच्या कितीतरी पोरांना प्रोग्रॅमिंगचा पुरेसा सराव मिळालेला नसतो. याला मी निवड म्हणणार नाही. घरात पैसा किती आहे, यावरच बरंचसं ठरतं.

कागदावर जिना आहे. आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला, डिप्लोमानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. पण आठवड्याला शिफ्ट बदलणाऱ्या पोराने वर्गात बसायचं कधी? नाइट करून आलेला माणूस सकाळी दहाला गणित शिकेल, ही अपेक्षाच क्रूर आहे.

मशीनसाठी कर्ज काढणाऱ्या मालकांकडे माझं मागणं छोटं आहे. जो शिकतोय त्याला पहिली शिफ्ट कायम द्या. आणि सेटिंग चालू असताना ऑपरेटरला दुसऱ्या मशीनवर पिटाळू नका, तिथेच उभं राहून बघू द्या.