चरबीचं एन्झाइम झोपलेलं नसतं हो

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर चार दिवस एक मेसेज फिरतोय, की जाड माणसांचं चरबी जाळणारं लायपेज नावाचं एन्झाइम (शरीरातली रासायनिक कामं घडवणारं प्रोटीन) झोपलेलं असतं, ते जागं करायला 21 दिवस उपाशीपोटी पपई-अननसाचा रस प्या, चरबी घामावाटे निघून जाईल, आणि बारीक लोकांना तर काही काळजीच नाही. मी लॅबमध्ये रोज रक्ताच्या नळ्या हाताळते, आणि शेजारच्या काकूंनी डायबेटिस असताना तो रस खरंच सुरू केलाय म्हणून लिहितेय.

झोपलेलं वगैरे काही नसतं. कुणी भरपेट जेवून सॅम्पल दिलं की मशीनमध्ये फिरवल्यावर वरचं सीरम, म्हणजे रक्तातला पाण्यासारखा भाग, कधीकधी दुधासारखं पांढरं दिसतं, ती जेवणातली चरबी. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर बसलेलं लायपोप्रोटीन लायपेज ती फोडतं आणि मग ती पेशींमध्ये जाते. जेवल्यावर इन्सुलिन वाढलं की चरबीच्या पेशींजवळ हे काम जोरात चालतं, म्हणजे हे लायपेज साठवायलाच मदत करतं! साठा फोडून बाहेर काढणारी एन्झाइमं वेगळी, आणि त्यांना इन्सुलिन लगाम घालतं. मग सकाळी गोड रस प्यायला की तो लगाम आवळलाच जाणार ना, शिवाय काकूंची शुगर वाढेल ती वेगळीच.

पपई-अननसातली एन्झाइमं प्रोटीन तोडतात, चरबी नाही, म्हणून तर मटण मऊ पडायला कच्ची पपई लावतात. आणि लायपेज वाढवून बारीक व्हायचं म्हणाल तर ऑर्लिस्टॅट हे वजनाचं औषध आतड्यातलं लायपेज उलट अडवतं.

मला खरं लागतं ते त्या मेसेजमधलं "वजन परत वाढलं तर तुम्ही आळशी" हे वाक्य. 1990 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 9 खूप लठ्ठ माणसांचा अभ्यास आला होता, त्यांनी सरासरी 43 किलो वजन घटवलं, 3 महिने टिकवलं, तरी त्यांच्या चरबीतलं ते साठवायला मदत करणारं लायपोप्रोटीन लायपेज कमी व्हायचं सोडून वाढलं होतं. माणसं 9च आहेत, मान्य, पण इतकं करून ज्यांचं वजन परत चढतं त्यांना आळशी म्हणायची हिंमत मला तरी होत नाही.

घामाचं म्हणाल तर 10 किलो चरबी पूर्ण जळली की साधारण 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जाते, बाकीचं पाणी.

आणि बारीक माणसांबद्दल पुण्यात बसून असं लिहायचं? आपल्याच पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. यडकिन, दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3, म्हणजे दोघंही जाड नाहीत, पण अंगातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि यडकिनांची 9.1, दोघांचा एकत्र फोटो 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आलाय.

काकूंना काल सांगून आले, अननस आवडतो तर जेवणानंतर दोन फोडी खा, पण रस बंद करा आणि आधी शुगर तपासून घ्या. उद्या सकाळी सॅम्पल घ्यायला मीच जाणारे.