‘पानं रंगवत बसू नका’ म्हणणाऱ्या धुळेकर भाऊंना

धुळेकर भाऊ,

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की रोजचे भाव, शोधाचे निकाल, पावती अशी जी पानं प्रोग्राम त्या-त्या वेळी तयार करतो, ती साइटच्याच हेडर-फूटरमध्ये (प्रत्येक पानाच्या वरचा-खालचा सारखा भाग) आणि साइटच्याच सीएसएसवर (पान कसं दिसावं हे सांगणारे नियम) चालली पाहिजेत. त्यावर तुम्ही मला चांगलंच सुनावलंत. शेतकऱ्याला भाव हवा, रंग नको. तयार सॉफ्टवेअरचं पान आयफ्रेममध्ये, म्हणजे आपल्या पानातल्या चौकटीत, बसवलं की काम भागतं. सातपुड्यातल्या पाड्यांवर नेटची बोंब असताना हे ओझं कशाला? वर ‘पुण्याचे चोचले खानदेशात आणू नका’ हा टोला. काय भो, जळगावात बसून काम करणाऱ्याला पुण्याचा ठरवलंत!

शेतकऱ्याला भाव हवा, हे शंभर टक्के मान्य. म्हणून तर हा खटाटोप. रावेर-यावलकडचा केळीवाला साइटच्या पहिल्या पानावर जातो कुठे? व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक येते, ती दाबली की तो थेट भावाच्या पानावर. त्याच्यासाठी साइट म्हणजे तेवढंच पान. आपण मात्र सगळी हौस पहिल्या पानावर भागवतो, सरकते फोटो लावतो, आणि ज्या पानासाठी माणूस येतो ते पान सॉफ्टवेअरवाल्याने जसं ओकलं तसं सोडून देतो.

तसं सोडलं की काय होतं ते बघा. पानाच्या डोक्यात व्ह्यूपोर्टची ओळ (पान पडद्याच्या रुंदीत बसव, असं सांगणारी) नसेल तर मोबाइलचा ब्राउझर ते पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि आकसून दाखवतो. भर उन्हात, बागेत उभं राहून, नवती, पिलबाग आणि वापसी या केळीच्या प्रकारांचे आकडे मुंगीएवढ्या अक्षरांत वाचायचे. दोन बोटांनी मोठं करावं तर डावीकडचा प्रकार पडद्याबाहेर जातो आणि भाव कोणाचा तेच कळत नाही. साइटच्या हेडरमध्ये ती ओळ असतेच. पान त्या हेडरमधून गेलं असतं तर हा प्रश्नच आला नसता. यात रंग कुठे आला?

दुसरी गोष्ट अक्षरांची, आणि ही माझी दुखती नस आहे, तेव्हा जरा सोसा. साइटच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानांच्या साच्यात, पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवलेली असते. बाहेरून तयार होऊन आलेल्या पानात बहुधा इंग्रजीच असते, कारण प्रोग्राम लिहिणाऱ्याने ती ओळ कुठूनतरी उचललेली असते. ज्या फाँटमध्ये मराठी वळणाची वेगळी सोय आहे, तो ही नोंद बघूनच ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दाखवतो. नोंद नसेल तर हिंदी वळणाचे. एकाच साइटवर शीर्षकातला ‘ल’ एका वळणाचा आणि तक्त्यातला दुसऱ्या. शिवाय इंग्रजी थीममधून (साइटच्या तयार रूपातून) मथळ्यांना अक्षरांमधलं अंतर वाढवायचा नियम येतो. इंग्रजीत तो शोभतो, आपल्याकडे शिरोरेघेचे तुकडे पडतात. ओळीची उंची कमी ठेवली की वरचा रफार आणि खालचा उकार एकमेकांना भिडतात, ते वेगळंच.

आता आयफ्रेम. बाहेरच्या पानाचं सीएसएस आयफ्रेमच्या आत शिरत नाही. आतलं पान दुसऱ्या डोमेनवरचं, म्हणजे दुसऱ्या साइटच्या पत्त्यावरचं, असेल तर स्क्रिप्टनेही हात लावता येत नाही, ब्राउझर अडवतो. उंची आधीच ठरवून द्यावी लागते, म्हणून मोबाइलवर पानाला एक स्क्रोल आणि तक्त्याला दुसरा. बोट कुठे ठेवलं की काय सरकेल, सांगता येत नाही.

आणि पाड्यांवरचं नेट. अक्कलकुवा-धडगावकडे रेंज कशी असते ते मलाही ठाऊक आहे. पण हिशोब उलटा आहे, भाऊ. साइटचं सीएसएस ब्राउझर एकदा उतरवून घेतो आणि कॅशेत, म्हणजे फोनमधल्याच साठ्यात, ठेवतो. पुढच्या पानांना तेच वापरतो. याउलट तयार सॉफ्टवेअर प्रत्येक रकान्यात रंग, फाँट, बॉर्डर कोंबतं, आणि ते सगळं दर वेळी, दर ओळीत परत उतरतं. ओझं तिथे आहे. प्रोग्रामने फक्त एवढंच सांगावं की हा तक्ता, हा प्रकार, हा भाव. दिसणं सीएसएसवर सोडावं. क्लासचं (सीएसएसने रकाना ओळखायच्या खुणेचं) नाव सरळ देवनागरीत ‘भाव’ ठेवलं तरी चालतं, आणि मी ठेवतो.

सॉफ्टवेअरवाला ऐकत नाही, ही तुमची अडचण मात्र खरी. तिथे आधी सोर्स (पानामागचा कोड) उघडून बघा. जुन्या पद्धतीने बीजीकलरसारखे (मागचा रंग ठरवणारे) गुणधर्म लिहिलेले असतील तर नशीब. सीएसएसचा साधा नियमही त्यांच्यावर मात करतो. रकान्यातच स्टाइल लिहिलेली असेल तर आपल्या नियमाला ‘इम्पॉर्टंट’ (हाच नियम वरचढ, अशी खूण) लावावं लागतं, आणि एकदा ते लावायला लागलं की सगळीकडे लागतं. तेवढं करण्यापेक्षा त्याच्याकडून नुसती माहिती मागा, जेसॉन नाहीतर सीएसव्ही (दिसण्याशिवायची कोरी माहिती देणारे फाइलचे प्रकार). तक्ता आपण आपल्या टेम्प्लेटमध्ये बनवू. आकडे उजवीकडे लावू, लाखाचा स्वल्पविराम आपल्या जागी येईल (साइट ज्या भाषेत लिहितात त्या पीएचपीचं नेहमीचं फंक्शन १,२५,००० ला १२५,००० करून ठेवतं), आणि लिलाव बंद असेल त्या दिवशी रिकाम्या चौकटीऐवजी ‘आज लिलाव नाही’ असं लिहिलेलं दिसेल. ही शेवटची ओळ तयार सॉफ्टवेअर सहसा आपणहून देत नाही.

एका ठिकाणी मी तुमच्याच बाजूने आहे: पैसे भरायचं पान. ते बँकेचं किंवा गेटवेचं (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपनीचं) असतं, ते तसंच राहू द्या. ग्राहकाला वरचा पत्ता बघून कळलं पाहिजे की आपण आता दुसऱ्याच्या दारात आहोत. तिथे आपला हेडर चिकटवून देणाऱ्यांवर माझा मुळीच विश्वास नाही.

चाळीसगावच्या ज्या क्लायंटचा तुम्ही उल्लेख केलात, त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘एक्सेलमध्ये काढा’ असं बटण आहे का, तेवढं बघून कळवा. ते असेल तर सीएसव्हीही बहुतेक तिथेच मिळेल, आणि मग सॉफ्टवेअरवाल्याला फोनही करायला नको.